रक्त पातळ ठेवायची गोळी आणि गटाची वही

(आपल्या संघाच्या पाली येथील मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



बचत, परतफेड, सीआरपी ताईंचे अहवाल हे सगळं झाल्यावर अध्यक्षताईंनी मला थोडा वेळ दिलाय. त्या वेळात मी एका गोळीबद्दल बोलणार आहे. आपण तिला "रक्त पातळ करायची गोळी" म्हणतो. तुमच्यापैकी काहींच्या घरात ती डब्यात आहे. कुणाच्या सासऱ्यांची, कुणाच्या नवऱ्याची, कुणाची स्वतःची.

मी समाजकार्य शिकलेय, डॉक्टर नाही. गोळी कुठली आणि किती घ्यायची ते तुमचे डॉक्टरच सांगणार. पण ती रोज वेळेवर पोटात जाते का, तपासणीची तारीख पाळली जाते का, हे आपल्या घरात आणि आपल्या वाडीत ठरतं. आणि वाडीत आपला गट आहे. आपल्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी हे सूत्र आहेच. म्हणून हा विषय बैठकीत आणलाय.

आधी ही गोळी करते काय ते बघू. हाताला कोयती लागली की थोडं रक्त येतं आणि मग गोठून थांबतं. रक्त गोठणं ही देवाची देणगीच आहे, नाहीतर एवढ्याशा जखमेनं माणूस गेला असता. पण हेच रक्त शरीराच्या आत, नको त्या जागी गोठलं तर त्याची गुठळी होते. गुठळी हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकली तर हार्ट अटॅक. मेंदूत जाऊन अडकली तर अर्धांगवायू, म्हणजे आपण म्हणतो ना, "अंगावरनं वारं गेलं", ते. पायात झाली तर पाय सुजतो आणि तिथून सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते.

"पातळ" या शब्दामुळे गैरसमज होतो. ताकात पाणी घालावं तसं काही रक्त पातळ होत नाही. अंगातलं रक्तही कमी होत नाही. दुधाला विरजण कमी लावलं तर दूध तेवढंच राहतं, पण दही उशिरा लागतं. तसंच हे. गोळीमुळे रक्त गोठायला जास्त वेळ लागतो, इतकंच. त्यामुळे "माझ्या अंगात आधीच रक्त कमी आहे, मी ही गोळी कशी घेऊ?" असं म्हणून कुणी ती परस्पर बंद करू नये. रक्त कमी असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं, त्याचा इलाज वेगळा असतो.

आता या गोळ्या सगळ्या एकसारख्या नाहीत. तीन गट लक्षात ठेवा.

पहिला गट अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना, स्टेंट बसवलेल्यांना, काही वेळा अर्धांगवायूनंतरही या गोळ्या देतात. यांना दर महिन्याला रक्त तपासावं लागत नाही. पण स्टेंट बसवल्यावर "आता बरं वाटतंय" म्हणून मनानं बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

दुसरा गट वॉरफरिन आणि असेनोकुमारॉल. असिट्रोम नावाची गोळी तुम्ही पाहिली असेल, ती यातलीच. हृदयात धातूची झडप बसवलेल्यांना ही गोळी आयुष्यभर लागते. ठोके वेडेवाकडे पडणाऱ्यांनाही देतात. ठोके नीट पडले नाहीत की हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त रेंगाळतं. वाहत्या पऱ्यात शेवाळ धरत नाही, डबक्यात धरतं. तसं रेंगाळलेल्या रक्तात गुठळी धरते.

तिसरा गट नव्या गोळ्यांचा. डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्साबॅन, अपिक्साबॅन. यांना दर महिन्याची तपासणी लागत नाही. म्हणून लोक विचारतात, "मग आम्हाला ती नवीन का देत नाहीत?" कारण धातूची झडप असलेल्यांना या गोळ्या चालत नाहीत. आणि लहानपणच्या संधिवाताच्या तापानं झडप खराब झालेल्यांसाठी जुनी गोळीच जास्त चांगली ठरली आहे. तेव्हा दिल्लीच्या एम्समध्ये असलेले डॉ. गणेशन कार्तिकेयन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह अनेक देशांतल्या साडेचार हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास केला. तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात नव्या रिव्हारॉक्साबॅनपेक्षा जुनी गोळी घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी झाले. तेव्हा "जुनी म्हणजे गरिबांची, नवीन म्हणजे चांगली" असं समजू नका. शेजारणीची गोळी बघून आपली बदलू नका.

संधिवाताचा ताप म्हटला, तर त्याबद्दल जरा जास्त बोलते, कारण तो आपल्या मुलांचा विषय आहे. साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलांचा घसा दुखतो, ताप येतो. नीट उपचार झाला नाही तर काही मुलांचे दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, आज गुडघा तर उद्या घोटा. सांधे बरे होतात, आपण विसरून जातो. पण आत हृदयाच्या झडपेला इजा झालेली असते. ती मुलगी मोठी होते, लग्न होतं, दिवस जातात. गरोदरपणात हृदयावर काम वाढतं आणि मग घाटी चढताना धाप लागायला लागते. घरातले म्हणतात, "पहिलटकरीण आहे, होतं असं." तपासल्यावर कळतं की झडप आकसलीय. म्हणून मुलाचा घसा दुखून ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. सांधे सुजले तर नक्कीच दाखवा. हा ताप आलेल्या मुलाला पुन्हा येऊ नये म्हणून साधारण दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन बरीच वर्षं घ्यावं लागतं. ते चुकवू नका. आशाताईंना सांगून ठेवा.

झडप फारच खराब झाली तर बदलावी लागते. पूर्वी कृत्रिम झडप परदेशातून यायची आणि फार महाग पडायची. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकारानं आपल्या देशाची झडप तयार झाली. ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली. तिला चित्रा झडप म्हणतात. आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून हृदयाची ऑपरेशनं होतात. आता या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार आहेत. म्हणजे झडप देशी झाली, ऑपरेशनची सोय झाली. पुढे आयुष्यभर उरते ती ही छोटीशी गोळी. आणि माणसं चुकतात ती इथेच. लाखाचं ऑपरेशन होतं आणि एसटीच्या तिकिटापायी तपासणी राहते.

ही गोळी उंदीर मारायच्या औषधातली आहे, असं कुणीतरी सांगतं आणि बायका घाबरतात. हे खोटं नाही, पण अर्धंच सांगितलेलं आहे. पूर्ण ऐका. साधारण १०० वर्षांपूर्वी अमेरिकेत आणि कॅनडात गुरं मरायला लागली. शिंग कापलं तरी रक्त थांबेना. ओल लागून कुजलेली वैरण खाल्लेल्या गुरांनाच हे होतं, असं तिथल्या गुरांच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. १९३३ साली एक शेतकरी मेलेली गाय आणि दुधाच्या कॅनमध्ये तिचं न गोठलेलं रक्त घेऊन, बर्फाच्या वादळातून विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात गेला. तिथे कार्ल लिंक नावाच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं खपून वैरणीतला तो पदार्थ शोधून काढला. त्यावरूनच वॉरफरिन तयार झालं. १९४८ मध्ये ते उंदरांसाठी विकायला आलं आणि १९५४ पासून माणसांना औषध म्हणून मिळू लागलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आल्यावर त्यांनाही तेच दिलं. सांगायचं एवढंच, की जास्त झालं तर विष, बेतानं घेतलं तर औषध. आणि बेत कळायला मोजावं लागतं.

ते मोजमाप म्हणजे आयएनआरची तपासणी. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा साधारण १ असतो. गोळी घेणाऱ्या बहुतेकांचा २ ते ३ मध्ये ठेवतात. काही धातूच्या झडपांना २.५ ते ३.५ लागतो. तुमचा किती हवा ते डॉक्टरांकडून वहीत लिहून घ्या. आकडा खाली गेला तर गुठळीचा धोका, फार वर गेला तर रक्तस्रावाचा धोका. दोन्हीपैकी काहीही झालं तरी बऱ्याचदा आधी काहीच जाणवत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. म्हणून "मला काही त्रास नाही, मग तपासणी कशाला?" हा प्रश्न इथे लागू पडत नाही. त्रास होण्याआधी कळावं म्हणूनच तर तपासणी आहे. सुरुवातीला ती लवकर लवकर करतात, आकडा स्थिर झाला की साधारण महिन्यानं किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा.

आपल्याकडे तारखा कधी चुकतात ते आपल्याला चांगलं माहीत आहे. लावणीच्या दिवसांत. गणपतीत. शिमग्यात. आंबा-काजूच्या हंगामात. आणि नेमकं याच दिवसांत खाणंपिणंही बदलतं. या गोळीचं आणि हिरव्या पालेभाजीचं उलटं नातं आहे. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व रक्त गोठायला मदत करतं, गोळी त्याच्या उलट काम करते. पावसात टाकळा, अळू, शेवग्याचा पाला रोज पानात आला तर आकडा खाली येऊ शकतो. उपासात भाजी एकदम बंद झाली, खाणं कमी झालं, तर वर जाऊ शकतो. म्हणून भाजी सोडायची का? अजिबात नाही. दर आठवड्याला साधारण सारखीच खायची. खाण्यात मोठा फरक पडणार असेल तर तपासणी पुढे ढकलायची नाही. हगवण लागली, ताप येऊन जेवण तुटलं, तरी डॉक्टरांना कळवायचं.

घरी करायच्या गोष्टी आता एकेक करून सांगते.

गोळी रोज ठरलेल्या एकाच वेळी घ्या. देवापुढे दिवा लावायची वेळ धरली तर आठवण राहते. विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर दोन एकदम घेऊ नका, त्या दिवसाची एकच घ्या आणि कालची राहिली असं वहीत लिहा.

नवीन पाकीट आणलं की त्यावरचा मिलिग्रॅमचा आकडा बघा. याच गोळ्या १, २, ३, ४ अशा वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. नाव तेच, आकडा वेगळा, असं झालं तर रोज दुप्पट औषध पोटात जाईल. अक्षर लागत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या.

मेडिकलमधून अंगदुखीची गोळी मनानं आणू नका. लावणीत कंबर भरून येते, आपण पटकन एखादी गोळी घेतो. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांनी या गोळीबरोबर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दुखलं तर काय घ्यायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. काही अँटिबायोटिक, टीबीचं औषध, काढे आणि जडीबुटीची चूर्णं यांनीही आकडा हलतो. कुठलंही नवीन औषध सुरू होताना "मला रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे" हे वाक्य आधी बोला. दात काढायचा असेल, कमरेत इंजेक्शन द्यायचं असेल, तरी हेच वाक्य आधी. दात काढायचाय म्हणून स्वतःच चार दिवस गोळी बंद करू नका.

मशेरी लावताना हिरड्यांतून रक्त येतंय, नाकातून येतंय, मार लागला नसताना अंगावर काळेनिळे डाग दिसतायत, लघवी लाल होतेय, तर दवाखाना गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळी होते, पण डांबरासारखी काळी, चिकट झाली तर थांबू नका. शेवाळावरून घसरून डोकं आपटलं आणि वरून काही दिसत नसलं, तरी त्याच दिवशी दाखवायचं. रक्त आत साचू शकतं.

आता जे आपण चारचौघींत बोलत नाही ते. या गोळीनं पाळी जास्त जाऊ शकते. पॅड किंवा कापड तासातासाला बदलावं लागतंय, गाठी पडतायत, तर लाजून गप्प बसू नका आणि गोळीही बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय आहेत. तसंच, ही गोळी गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत पोटातल्या बाळाला अपाय करू शकते. पण झडप असलेल्या बाईनं गोळी एकदम बंद केली तर तिच्या जिवाला धोका. म्हणून दिवस राहायच्या आधीच हृदयाच्या आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांशी बोलायचं. त्या काळात गोळीऐवजी हेपॅरिनची इंजेक्शनं द्यायची का, कधी द्यायची, ते डॉक्टर ठरवतात. पाळी चुकली तर त्याच आठवड्यात दवाखान्यात जायचं. पाळणा लांबवायच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, त्यातल्या काहींनी गुठळीचा धोका वाढतो.

काही घरांत मुलीच्या छातीवरचा व्रण लग्नाआधी लपवतात. मग ती सासरी गोळीही लपवून घेते. तपासणीला जायला कारण सांगता येत नाही, म्हणून तारीख चुकते. आईनं लपवायला शिकवलं तर ती मुलगी सासरी एकटी पडते. इथे बसलेल्या आपण सगळ्याजणी कुणाच्या तरी आई आहोत नाहीतर सासू, जाऊ, नणंद आहोत. एखादी सून गोळी घेताना दिसली तर तिला एवढंच विचारा, "तुझी तारीख कधी आहे गं? मी येते बरोबर."

आणि कुणाच्याही घरी अचानक तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर ती वेळ तेल चोळायची नाही, कौल लावायचीही नाही. कितीला सुरू झालं ती वेळ लिहा आणि १०८ ला फोन करा. गुठळीमुळे झालेल्या झटक्यात ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. झटका गुठळीनं आलाय की रक्तस्रावानं ते स्कॅनशिवाय कळत नाही, म्हणून घरी अ‍ॅस्पिरिनही देऊ नका. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर पाकीट आणि वही बरोबर न्या.

वहीचं महत्त्व पालीकरांना जास्तच आहे. आपल्या इथून एक रस्ता रत्नागिरीला जातो, एक आंबा घाटातून कोल्हापूरला, आणि हायवे एकीकडे मुंबईला, दुसरीकडे गोव्याला. आपला पेशंट ऑपरेशनला कोल्हापूरला, तपासणीला रत्नागिरीला आणि लेकाकडे गेला की मुंबईच्या दवाखान्यात. कागद तीन ठिकाणी, डॉक्टर तीन. सगळ्यांना जोडणारी एकच वस्तू असते, ती वही. तारीख, आकडा, गोळी किती, पुढची तारीख, एवढे चार रकाने पुरे. आपल्याला रकाने आखायला कुणी शिकवायला नको. आपण वर्षानुवर्षं कर्जाची वही लिहितोय.

आता गटानं काय करायचं? मी चार गोष्टी सुचवते, ठराव तुम्ही करा.

एक, पुढच्या बैठकीत सचिवताईंनी एकदा विचारावं की कुणाच्या घरी ही गोळी चालू आहे का. ज्यांना चारचौघींत सांगायचं नाही त्यांनी नंतर एकट्यात सांगावं. कुणाचं दुखणं गावभर करायचं नाही, हा गटाचा नियम राहील.

दोन, ज्यांना चालेल त्यांची तपासणीची तारीख हप्त्याच्या तारखेशेजारी लिहायची. बैठकीत हप्ता विचारतो तसं विचारायचं, "तपासणी झाली का?"

तीन, तपासणीचे आणि एसटीचे पैसे नाहीत म्हणून कुणाची तारीख चुकणार नाही. गटाचं अंतर्गत कर्ज आहे, ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधी आहे. तो अशाच वेळेसाठी आहे. मागायला लाज कसली?

चार, जी एकटी आहे तिच्याबरोबर एकीनं जायचं. लावणीचे दिवस असतील तर तिच्या वाट्याचं तरवं बाकीच्यांनी लावायचं.

ताईंनो, हप्ता एक दिवस चुकला तर आपण जीव टाकतो. रात्री झोप लागत नाही. तो हप्ता नंतर भरता येतो. तपासणीची चुकलेली तारीख प्रत्येक वेळी भरून काढता येईलच असं नाही. म्हणून दोन्ही तारखा एकाच वहीत लिहूया.

आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. आणि ज्यांना इथे विचारायचं नाही, त्यांच्यासाठी मी सभा झाल्यावर थांबलेय.